कंपनीतली डीईआय व्याख्यानं : पाहुणे येतात, टाळ्या होतात, पुढे?

सावली७

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. मुख्यालयाकडून गेल्या वर्षी फतवा आला : डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन (डीईआय, म्हणजे विविधता, न्याय्यता, समावेशकता) या विषयावर वर्षाला चार पाहुणे वक्ते बोलवा आणि फोटो पाठवा. फोटो कधी पाठवणार याची आठवण तीनदा आली, वक्ता कोण हे एकदाही कुणी विचारलं नाही. यावरून काय ते समजा.

पहिलं व्याख्यान ८ मार्चला उरकलं. गुलाब, केक, 'स्त्री ही शक्ती आहे'. त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्याला एका राष्ट्रीयीकृत बँकेतले अधिकारी आले होते, जन्मापासून दृष्टिहीन. धागा त्यांच्यामुळेच काढलाय. भाषण चांगलं झालं, पण माझ्या डोक्यात राहिलाय तो गेटपासून हॉलपर्यंतचा अर्धा तास.

गेटवर आमच्याकडे टॅब आहे. नाव टाका, कॅमेऱ्यात बघा, बोटानं सही करा, मग पास छापून येतो. सिक्युरिटीच्या मामांनी सवयीनं टॅब त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सर, इथे बघा." सर हसून म्हणाले, "कुठे ते सांगा, तिकडे तोंड करतो." मामा ओशाळले, आणि भरपाई म्हणून पुढची सगळी वाट त्यांनी सरांचा काठीचा हात घट्ट धरून त्यांना ओढत नेलं. वर सूचना, "सर, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं हां, फोर्कलिफ्ट असतात." मी मागून चालत होते. जमिनीवर रंगवलेल्या त्या पट्ट्या आमच्या सेफ्टी ऑडिटची शान आहेत. त्यांचा ज्याला काडीचाही उपयोग नाही असा माणूस त्या क्षणापर्यंत माझ्या कल्पनेतसुद्धा आला नव्हता.

थोडं गेल्यावर सर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "माझा हात सोडा. मी तुमचं कोपर धरतो. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, म्हणजे तुमच्या अंगाच्या हालचालीवरून मला वळण कळतं, पायरी कळते." बास. पुढे दोघं गप्पा मारत हॉलपर्यंत आले.

भाषणात त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की तुमचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून आलं, त्यामुळे फोनला ते वाचता येईना, शेवटी मुलीकडून वाचून घेतलं. निमंत्रण मी केलं होतं. मागे काठी घेतलेल्या माणसाचं सुंदर चित्र वगैरे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, "सर, तुम्हाला स्वप्नं पडतात का?" सर म्हणाले, "पडतात की. कर्जाचे हप्ते बुडवणाऱ्यांचे आवाज येतात."

मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि काचेची फ्रेम. दोन्ही हात भरले. काठी टेबलाला टेकवलेली, ती उचलायला हातच मोकळा नाही. फोटोत सर हसतायत आणि काठी कुठेच दिसत नाही.

फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी ४.६. शेऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द, 'इन्स्पायरिंग'.

आणखी एक टोचतंय. जानेवारीत 'टीम स्पिरिट'वर बोलायला आलेल्या गृहस्थांना आम्ही रीतसर मानधन दिलं, जीएसटीसकट. सरांच्या वेळी मानधनाचा विषयच निघाला नाही. माझ्याकडूनही.

तिसरं व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे. एक ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या येणार आहेत. यावेळी माती खायची नाहीये. ज्यांनी अशी व्याख्यानं ठेवली असतील, दिली असतील किंवा नुसती सोसली असतील, त्यांनी लिहा.

भटका_बोका

सोसणाऱ्यांच्या रांगेतून हात वर. आमच्याकडे सेशन म्हणजे एक समोसा, एक गुलाबजाम आणि पाऊण तास एसी. हजेरी सक्तीची, बायोमेट्रिक लावून. वक्ता काय बोलला हे विचाराल तर आठवत नाही, समोसा गार होता एवढं आठवतं.

गंमत सोडा. मी शॉप फ्लोअरवर पंधरा वर्षं सुपरवायझर होतो, म्हणून एक विचारतो. तुमच्या हॉलमध्ये कोण बसलं होतं? स्टाफच ना? कंत्राटी पोरं कुठे होती? त्यांचं कँटीन वेगळं, बस वेगळी, युनिफॉर्मचा रंग वेगळा. आणि आपण वर एसीत बसून समावेशकतेवर टाळ्या वाजवणार. पाहुण्याला बोलवायला पाहिजेच का? खालून कुणाला तरी वर बोलवा.

अनुजा_दे

लेख आवडला. काचेच्या फ्रेमचा प्रसंग वाचून पोटात कालवलं.

सक्तीबद्दल : अमेरिकेत फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या दोन समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती. २०१६ मध्ये त्यावर त्यांचा एक गाजलेला लेख आला. व्यवस्थापकांना डायव्हर्सिटीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, की पाच वर्षांनी वरच्या जागांवरचं कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलेलंच दिसलं. डोक्यावर बसून शिकवलं की माणूस अडून बसतो. ऐच्छिक ठेवलं, किंवा एखाद्या नवख्याला हाताखाली घेऊन तयार करायची जबाबदारी व्यवस्थापकावर टाकली, तिथे चित्र बरं होतं. म्हणजे बोकोबांचा गार समोसा संशोधनात बसतो.

दुसरं, गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं, की वेगळ्या गटातल्या माणसाशी नुसती गाठ पडून पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा समान हवा, काम एक हवं, ते मिळून करायला हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. आता व्याख्यानाकडे बघा. एक जण व्यासपीठावर शाल पांघरून, बाकीचे खाली टाळ्या वाजवत. दर्जा समान नाही आणि काम तर नाहीच. तुमच्या मामांना मात्र या चारही गोष्टी त्या शंभर पावलांत मिळाल्या. 'आपल्याला हॉलपर्यंत पोचायचंय' हे दोघांचं काम होतं. हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा मामा जास्त शिकले असणार.

जाता जाता, डेन्मार्कमध्ये २००० साली रॉस्किल्डच्या संगीत महोत्सवात 'ह्यूमन लायब्ररी' सुरू झाली. पुस्तकाऐवजी माणूस 'वाचायला' घ्यायचा. समोरासमोर बसून अर्धा तास गप्पा, काहीही विचारा, उत्तर द्यायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. हॉल आणि माइकपेक्षा कँटीनच्या चार टेबलांवर हा प्रकार करून बघा.

स्पर्शरेषा

मी दृष्टिहीन आहे, आणि अशी व्याख्यानं देऊन देऊन माझ्या घरी काचेच्या अकरा फ्रेम जमल्या आहेत. त्यावर काय लिहिलंय ते प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाकडून तरी कळतं. एकीवर 'अंधत्वावर मात करून' असं आहे म्हणे. मात कसली? मी आहे तिथेच आहे, अंधत्वही आहे तिथेच आहे, आमचं बरं चाललंय.

सावलीताई, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो.

निमंत्रण साध्या मजकुरात पाठवा. चित्र पाठवायची हौस असेल तर पाठवा, पण खाली तोच मजकूर टाइप करा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण आतमध्ये ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम, ती इमानेइतबारे वाचतो. एकदा मला एका समारंभाची पत्रिका अशी आली होती, 'एस, कंस पूर्ण, डॉलर, टी, टी'. प्रमुख पाहुणा मीच होतो. तुमच्या कंपनीचे नियम, सुट्ट्यांची यादी, सुरक्षेच्या सूचना कशा साठवल्यात ते या निमित्तानं बघा. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ असेल तर तोही माझ्यासाठी कोरा कागदच. तपासायला काही खर्च नाही, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. संगणकावर टाका, मॉनिटर बंद करा आणि आपलंच निमंत्रण ऐका. पाच मिनिटांत घाम फुटेल.

कोपराचं सरांनी सांगितलंच आहे. भर एवढीच, की खोलीत आणून सोडलंत तर कोण कोण बसलंय ते नावानिशी सांगा, आणि निघून जाताना 'मी जातोय' म्हणा. रिकाम्या खुर्चीशी दहा मिनिटं बोलण्याचा अनुभव माझ्या गाठीला आहे.

'इन्स्पायरिंग' या शब्दाबद्दल. मी सकाळी उठून कामावर गेलो यात तुम्हाला प्रेरणा मिळत असेल तर माझी हरकत नाही. पण त्या फीडबॅक फॉर्मवर 'आपल्या कंपनीत हा माणूस कोणत्या टेबलावर काम करू शकेल' असा प्रश्न असता तर? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करावं असं सांगितलं. खासगी कंपन्याही त्यात येतात. तुमचं धोरण आहे का? असेल तर ते कोणत्या फॉन्टमध्ये आहे?

भटका_बोका

@स्पर्शरेषा, 'कोणत्या फॉन्टमध्ये आहे' याला साष्टांग दंडवत. हसून हसून पुरेवाट झाली आणि लाजही वाटली, एकदमच.

जुना_नारायणपेठी

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीडशे वर्षं झाली, लोक उकाड्यात स्वतःच्या पायांनी जाऊन भाषणं ऐकतात. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून गेलो ते, न पटणाऱ्या वक्त्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकायचं असतं हे तिथे शिकलो. वडील वाटेत वक्त्याला मनसोक्त शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेआधी जाऊन पुढची खुर्ची धरत. तुमच्या या डीईआयमध्ये न पटण्याची सोय आहे का? मला तर सगळे एकसुरात माना डोलावताना दिसतात, आणि मग खरे प्रश्न लघुशंकेच्या रांगेत विचारले जातात.

सिएटलचा_सदू

इकडची हकीकत. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या खात्यांतले डीईआय कार्यक्रम बंद करायचा आदेश काढला. त्यानंतर आमच्या कंपनीतल्या त्या विभागाच्या दारावरची पाटी बदलली. माणसं तीच, नाव नवीन, वक्ते कमी.

पण आपल्या मंडळींशी थेट संबंध असलेली गोष्ट त्याआधीची. एप्रिल २०२२ मध्ये गुगलमध्ये दलित हक्क कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवर व्याख्यान ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध ईमेल पाठवल्या आणि व्याख्यान रद्द झालं. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या सिएटल शहरानं भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. त्या आठवड्यात इथल्या मराठी लोकांच्या जेवणावळींत जी शांतता होती ती मी विसरणार नाही. सगळे हवामानावर बोलत होते. सिएटलचं हवामान बोलण्यासारखं नसतंच, बारमाही ढग.

खुर्चीतला_टीकाकार

झालं, आता धाग्यावर न संपणारी भांडणं होणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो. पण खरंच सांगा, आजच्या ऑफिसात जात कोण विचारतं? उगाच नसलेली खपली काढायची.

निळी_शाई

@खुर्चीतला_टीकाकार, बरोबर आहे, जात कुणी विचारत नाही. मला विचारलेल्या गोष्टी सांगते : पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं? गावात कुठे राहता? कुलदैवत कोणतं? लग्नाची पद्धत कशी तुमच्याकडे? आणि एकदा, माझा डबा उघडल्यावर, "अय्या, तुमच्याकडे पण असंच वरण करतात?" त्यातला 'पण' सात वर्षं झाली तरी कानात आहे.

मी पुण्यात आयटीत आहे. आमच्याकडे सगळ्या विषयांवर पाहुणे येऊन गेले. स्त्रिया, अपंगत्व, मानसिक आरोग्य, जूनमध्ये इंद्रधनुषी झेंडे. जातीवर आजतागायत एकही नाही. मी एकदा सुचवलं, तर उत्तर मिळालं की विषय 'पोलिटिकल' आहे. दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याच मॅडम माझ्या डेस्कपाशी आल्या, "१४ तारखेच्या आसपास छोटंसं काहीतरी ठेवतोय, तूच बोलशील का? तू छान बोलतेस." म्हणजे मी काय आहे ते ठाऊक होतंच, कुणी न विचारता. मी नाही म्हटलं. त्या दिवशी माझं सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, हे एक कारण. दुसरं असं, की समोर जे बसणार होते त्यातल्याच एकाकडे माझं अप्रेझल होतं. बाहेरचा पाहुणा बोलून घरी जातो. मला सोमवारी त्यांच्याच शेजारी बसायचं होतं.

म्हणून बोकोबा, तुमचं 'खालून कुणाला वर बोलवा' मला अर्धंच पटलं. वर बोलवाल, पण तो खरं बोलला तर त्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात टिकेल याची हमी कोण देणार? बाहेरच्या वक्त्याची गरज इथे लागते. आपल्याला बोलायची सोय नसते ते तो बोलून जातो.

भटका_बोका

@निळी_शाई, मान्य. या बाजूनं विचार केला नव्हता.

खुर्चीतला_टीकाकार

'पण'वाला प्रसंग वाचला. आमच्या घरीही हे वाक्य ऐकल्यासारखं वाटतंय. पॉपकॉर्न ठेवतो.

गोदाकाठ

सावलीताई, तुमच्या तिसऱ्या व्याख्यानाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नाशिकला एका कॉलेजात आम्ही ट्रान्सजेंडर वक्त्या बोलावल्या होत्या, तेव्हा खाल्लेली माती सांगते, तुमची वाचेल.

त्यांच्या ओळखपत्रावर जुनं नाव होतं. गेटवरच्या माणसानं तेच नाव मोठ्यानं, चारचौघांत वाचलं. तेव्हा पास आदल्या दिवशीच, त्या जे नाव वापरतात त्या नावानं बनवून ठेवा. तुमच्या टॅबवर 'पुरुष / स्त्री' एवढेच दोन पर्याय असतील तर आयटीवाल्यांना आत्ताच गाठा. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, टॅबपर्यंत निकाल पोचायला एवढा वेळ पुरे झाला.

स्वच्छतागृह. हे कुणी आधी ठरवत नाही, आणि मग ऐनवेळी कुजबुज सुरू होते. 'आमच्याकडे अशी सोय आहे, तुम्हाला कोणती बरी वाटेल?' असं फोनवर सरळ विचारा. ताई म्हणायचं की मॅडम की आणखी काही, तेही त्याच फोनवर.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या आणि त्यांना आधी दाखवा. आमच्याकडे पहिलाच प्रश्न ऑपरेशनबद्दल आला. त्या म्हणाल्या, "तुमचं अपेंडिक्स काढलंय का, ते आधी सगळ्यांना सांगा." हॉल हसला, वेळ निभावली. पण नंतर चहाला त्यांचा हात थरथरत होता. कप बशीवर वाजत होता, म्हणून माझं लक्ष गेलं.

आणि मानधन. 'तुमचं मानधन काय असेल?' हे पहिल्याच फोनवर. आम्ही साडी दिली होती. चांगली होती साडी, पण त्यांना परतीचा प्रवास स्वतःच्या पैशानं करावा लागला.

सावली७

सगळ्यांचे मनापासून आभार. अहवाल देते.

मानधन मंजूर झालं. डीईआय या हेडखाली पैसेच नव्हते, शेवटी 'प्रशिक्षण'मधून काढले. मुख्यालयानं विचारलं, "हे लोक पैसे घेतात?" मी जानेवारीचं बिल जोडून पाठवलं, पुन्हा प्रश्न आला नाही. बँकेतल्या सरांनाही उशिरा का होईना, क्षमा मागून विचारलं. ते म्हणाले, पैसे नकोत, त्यापेक्षा तुमच्या कंपनीत एका दृष्टिहीन पोराला इंटर्नशिप द्या, बायोडेटा पाठवतो. बायोडेटा आलाय. आमचे पर्चेसचे साहेब "बघू" म्हणालेत. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे, पण मीही पाठ सोडणार नाही.

समान संधी धोरण आहे. शोधून काढलं. स्कॅन केलेली पीडीएफ आहे, थोडी तिरकी.

बोकोबा, कंत्राटी कामगारांचं अजून जमलेलं नाही. हॉलमध्ये बसवायचं तर त्यांचे तास कापले जातात, ठेकेदार पैसे देत नाही. शिफ्ट बदलताना कँटीनमध्ये अर्धा तास, असं मागितलंय. उत्तर आलेलं नाही.

टॅबवर तिसरा पर्याय आला. आणि मामांनी परवा स्वतःहून विचारलं, "मॅडम, पुढचे पाहुणे कोण? त्यांना कसं न्यायचं ते आधी सांगून ठेवा." मी म्हटलं, त्यांना न्यायचं काही नाही, नाव तेवढं नीट घ्या.

@स्पर्शरेषा, निमंत्रण नव्यानं केलंय, युनिकोडमध्ये, चित्र नाही. तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवलंय. जरा ऐकून सांगाल का?

स्पर्शरेषा

ऐकलं. वक्त्यांचं नाव स्वच्छ वाचलं, तारीख वाचली, वेळ वाचली. 'ठिकाण' म्हणाला, आणि पुढे 'ग्राफिक'.

सावली७

अरे देवा. गुगलचा नकाशा चिकटवला होता. काढते, पत्ता टाइप करते.